एदुआर ल्युका

फ्रांस्वा एदुआर आनातोल ल्युका (४ एप्रिल १८४२ – ३ ऑक्टोबर १८९१) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ, शिक्षक आणि गणितीय मनोरंजनपर ग्रंथांचे लेखक होते. मोठ्या मूळ संख्या ओळखण्याची कसोटी, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ल्युका संख्या, ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे आणि गोल मेजाभोवती दांपत्यांना बसवण्याचा आसनव्यवस्थेचा प्रश्न यांसाठी ते प्रसिद्ध आहेत.

ल्युका यांचे अध्यापनाचे आयुष्य माध्यमिक विद्यालयांत गेले. विद्यापीठातील अध्यासन त्यांना लाभले नाही. त्यांच्या काळात खेळ आणि कोडी हा गणितज्ञाच्या फावल्या वेळचा छंद मानला जात असे. कोडे सोडवताना चालणारा विचार आणि प्रमेय सिद्ध करताना चालणारा विचार एकाच जातीचा आहे, हे ल्युका यांनी आपल्या ग्रंथांतून दाखवून दिले. आसनव्यवस्थेचा प्रश्न हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पूर्वायुष्य व शिक्षण

ल्युका यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील आमियाँ या शहरात झाला. शालेय शिक्षण तेथेच घेऊन त्यांनी पॅरिसमधील ‘एकोल नॉर्माल स्युपेरियर’ या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवला. विद्यालयांसाठी व उच्च शिक्षणासाठी उत्तम अध्यापक घडवणे हे या संस्थेचे मुख्य काम होते. पदवीनंतर ल्युका पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. नेपच्यून ग्रहाचे स्थान केवळ गणिताने वर्तवणारे उर्बँ ल व्हेरिए हे तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. वेधशाळेतील कामाचा मोठा भाग दीर्घ आकडेमोडीचा असे. हाताने केलेल्या प्रचंड गणनेचे भय न वाटण्याची सवय ल्युका यांना पुढे फार उपयोगी पडली.

युद्ध व अध्यापन

१८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ल्युका यांनी तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. फ्रान्सच्या पराभवानंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. प्रथम मध्य फ्रान्समधील मुलँ येथील विद्यालयात आणि नंतर पॅरिसमधील शार्लमान्य व सँ-लुई या विद्यालयांत ते गणित शिकवत असत.

तोफखान्याशी संबंधित एक प्रश्न त्यांनी १८७५ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला. तोफगोळे चौरस पायावर रचत वर एकाच गोळ्यापर्यंत नेले, तर एकूण गोळ्यांची संख्या पूर्ण वर्ग केव्हा होईल, असा तो प्रश्न होता. एका गोळ्याचे क्षुल्लक उदाहरण सोडले तर हे एकदाच घडते, असे ल्युका यांचे प्रतिपादन होते. २४ थरांच्या राशीत ४९०० गोळे असतात आणि ४९०० हा ७० चा वर्ग आहे. या विधानाची पूर्ण सिद्धता १९१८ मध्ये जी. एन. वॉटसन यांनी दिली.

संख्यासिद्धांतातील कार्य

दोनच्या घातांकित संख्येतून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा संख्यांच्या घातांकांची एक यादी दिली होती. तीत ६७ आणि १२७ हे दोन्ही घातांक होते. १८७६ मध्ये ल्युका यांनी दाखवले की २ चा १२७ वा घात उणे १ ही संख्या मूळ आहे, तर ६७ हा घातांक घेतल्यास मिळणारी संख्या मूळ नाही. पहिली संख्या ३९ अंकी असून ती १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ अशी आहे. पाऊणशे वर्षे, म्हणजे १९५१ पर्यंत, माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. दुसऱ्या संख्येचे अवयव मात्र ल्युका यांच्या हाती लागले नाहीत. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी शोधले. अवयव न सापडताही संख्या मूळ नाही हे निश्चितपणे सांगता येते, हेच ल्युका यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते.

या कसोटीचे आज प्रचलित असलेले रूप सोपे आहे. चार या संख्येपासून सुरुवात करावी. प्रत्येक पायरीला हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून दोन वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी घ्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ असते. उदाहरणार्थ, ५ या घातांकाची संख्या ३१ आहे. तिच्यासाठी ४, १४, ८ आणि ० अशा संख्या क्रमाने मिळतात. तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ आहे. १२७ या घातांकासाठी ही गणना हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. ती सुलभ व्हावी म्हणून ल्युका यांनी प्रत्येक बाजूस १२७ घरे असलेल्या बुद्धिबळासारख्या पटावर सोंगट्या मांडून द्विमान पद्धतीने आकडेमोड करण्याची युक्ती योजली होती.

प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते अशा ०, १, १, २, ३, ५, ८ या क्रमिकेला फिबोनाची हे नाव रूढ करण्याचे श्रेय ल्युका यांना दिले जाते. भारतात छंदःशास्त्राच्या अभ्यासातून ही क्रमिका विरहांक व हेमचंद्र यांना फिबोनाचीच्या आधीच अवगत होती. याच नियमाने २ आणि १ पासून सुरू होणाऱ्या २, १, ३, ४, ७, ११, १८ या संख्यांना ल्युका संख्या म्हणतात. या क्रमिकांवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध १८७८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला.

गणितीय मनोरंजन

‘रेक्रेआसियाँ मातेमातिक’ हा ल्युका यांचा चार खंडांचा ग्रंथ आहे. पहिले दोन खंड १८८२ व १८८३ मध्ये निघाले, उरलेले दोन त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ व १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. नदी ओलांडण्याची कोडी, पूल ओलांडण्याचे प्रश्न, भूलभुलैयातून बाहेर पडण्याची रीत, बुद्धिबळाच्या पटावर एकमेकींना शह न देणाऱ्या आठ वजीरांची मांडणी, सरकत्या चौकटींचे पंधराचे कोडे असे अनेक विषय त्यांत आहेत. ल्युका केवळ उत्तर देऊन थांबत नाहीत. उत्तर असू शकते का, एकूण किती उत्तरे आहेत आणि मांडणी मोठी केली तर काय होईल, हे प्रश्न ते प्रत्येक खेळाला विचारतात.

मुलांच्या रिंगणाचे कोडे याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात आहे. काही मुले हात धरून रिंगण करतात. दर वेळी नवे रिंगण असे करायचे की, कोणतीही दोन मुले एकमेकांशेजारी एकदाच यावीत. सात मुले असतील तर प्रत्येकाला सहा सोबती आहेत आणि प्रत्येक रिंगणात त्याला दोन शेजारी मिळतात. म्हणून तीन रिंगणांत सर्व जोड्या पूर्ण व्हायला हव्यात. हे खरोखर साधते, हे दाखवणारी रीत ल्युका यांनी वालेकी या सहव्यवसायी शिक्षकाच्या नावाने दिली आहे. एका मुलाला मध्यभागी उभे करून बाकीच्यांना वर्तुळावर ठेवायचे, त्यांना नागमोडी रेषेने जोडायचे आणि ती रेषा प्रत्येक वेळी एक घर फिरवायची, असे तिचे स्वरूप आहे. आलेख सिद्धांताच्या पाठ्यपुस्तकांत ही रचना आजही वालेकी यांच्या नावाने शिकवली जाते.

मराठी मुले वहीच्या पानावर ठिपके जोडून चौकोन पुरे करण्याचा जो खेळ खेळतात, त्याचे पहिले छापील वर्णनही ल्युका यांनीच १८८९ मध्ये केले.

जहाजांचे कोडेही त्यांच्या नावावर आहे. ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्ककडे रोज दुपारी एक जहाज निघते आणि त्याच वेळी न्यूयॉर्कहून ल हाव्रकडेही एक निघते. प्रवासाला दोन्हीकडून सात दिवस लागतात. आज निघालेल्या जहाजाला समोरून येणारी किती जहाजे भेटतील? पटकन सुचणारे उत्तर सात असते. प्रत्यक्षात निघण्यापूर्वीच समुद्रात असलेली जहाजेही धरावी लागतात. दोन्ही बंदरांतील भेटी मोजल्यास उत्तर पंधरा येते.

हनोईचा मनोरा

१८८३ मध्ये पॅरिसच्या बाजारात एक लाकडी खेळणे आले. तीन खुंट्या आणि त्यांपैकी एकीवर उतरत्या आकाराच्या आठ चकत्या, असे त्याचे रूप होते. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहान चकतीवर ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा, असे नियम होते. खेळाचा कर्ता म्हणून सयामचे एन. क्लॉस या, ‘ली-सू-स्त्यान’ महाविद्यालयातील मानकऱ्याचे नाव छापलेले होते. पहिल्या नावाची रोमन अक्षरे पुन्हा जुळवली की आमियाँचे ल्युका आणि दुसऱ्याची जुळवली की सँ-लुई हे विद्यालय मिळते. जन्मगाव आणि नोकरीचे ठिकाण यांचाच हा अक्षरखेळ होता.

पुढच्या वर्षी आंरी द पार्विल यांनी या खेळण्याभोवतीची आख्यायिका प्रसिद्ध केली. काशीच्या देवालयात हिऱ्याच्या तीन सुया असून सोन्याच्या ६४ चकत्या पुजारी अहोरात्र हलवत आहेत आणि काम पूर्ण होताच जगाचा अंत होईल, अशी ती कथा होती. ती खेळण्याबरोबर जन्मलेली कल्पित कथा असून काशीच्या परंपरेत तिला आधार नाही. गणित मात्र खरे आहे. आठ चकत्यांना किमान २५५ हालचाली लागतात. ६४ चकत्यांना लागणाऱ्या हालचालींची संख्या २ चा ६४ वा घात उणे १ इतकी भरते. सेकंदाला एक हालचाल केली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षे लागतील. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नावर सोपवून सोडवण्याची रीत शिकवण्यासाठी संगणकशास्त्राच्या वर्गांत हे कोडे आजही वापरतात.

आसनव्यवस्थेचा प्रश्न

१८९१ मध्ये ल्युका यांच्या ‘तेओरी दे नाँब्र’ या संख्यासिद्धांतावरील ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पुढील प्रश्न मांडला. काही दांपत्ये गोल मेजाभोवती बसणार आहेत. स्त्रिया व पुरुष एकाआड एक बसले पाहिजेत आणि कोणीही आपल्या जोडीदाराशेजारी असता कामा नये. अशा किती मांडण्या होतील? फ्रेंचमध्ये हा ‘प्रोब्लेम दे मेनाज’, म्हणजे दांपत्यांचा प्रश्न, म्हणून ओळखला जातो.

दोन दांपत्यांसाठी हे अशक्य आहे, कारण प्रत्येक स्त्रीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पुरुष येतातच. तीन दांपत्यांसाठी आधी स्त्रिया एकाआड एक खुर्च्यांवर बसल्या असे समजावे. मग कोणत्याही दोन स्त्रियांमधील खुर्चीवर त्या दोघींचे पती चालत नाहीत, म्हणून तेथे तिसरीचाच पती बसू शकतो. तिन्ही जागा अशा आपोआप ठरतात. स्त्रियांना बसवण्याचे १२ प्रकार असल्याने एकूण मांडण्याही १२ होतात.

चार दांपत्यांच्या उदाहरणात या प्रश्नाचे मर्म दिसते. स्त्रिया अ, ब, क, ड या क्रमाने गोलाकार बसल्या आहेत. अ आणि ब यांच्यामधील खुर्चीवर क-चे किंवा ड-चे पती येऊ शकतात. तेथे क-चे पती बसले असे धरू. ड आणि अ यांच्यामधील खुर्ची ब-च्या किंवा क-च्या पतींसाठीच मोकळी होती. क-चे पती आधीच बसल्यामुळे तेथे ब-चे पती येतात. त्यामुळे क आणि ड यांच्यामध्ये अ-चे पती आणि उरलेल्या खुर्चीवर ड-चे पती बसतात. एक जागा ठरली की बाकी तीन ओघाने ठरतात. सुरुवातीला ड-चे पती निवडले तरी हेच घडते आणि दुसरी मांडणी मिळते. स्त्रियांना बसवण्याचे ४८ प्रकार आणि प्रत्येकासाठी पुरुषांच्या दोन मांडण्या, म्हणून एकूण ९६.

पाच दांपत्यांपासून चित्र बदलते. प्रत्येक खुर्चीसाठी तीन पर्याय उरतात आणि एक जागा ठरवल्याने सगळे ठरत नाही. एक शक्यता धरून पुढे जायचे, विरोध आढळला की मागे यायचे आणि दुसरी धरायची, असे करावे लागते. स्त्रिया बसल्यानंतर पुरुषांच्या १३ मांडण्या मिळतात; सहा दांपत्यांना ८०, सात दांपत्यांना ५७९. दहा दांपत्यांच्या एकूण मांडण्या ३१,९१,८३,४४,१९,२०० इतक्या, म्हणजे तीन लाख कोटींहून अधिक, होतात. एकेक मांडणी तपासून इथपर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी नियमच शोधावा लागतो.

या प्रश्नाचे एक रूप ल्युका यांच्या आधीही चर्चेत आले होते. गाठींचे वर्गीकरण करताना स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांना तशीच मोजणी करावी लागली होती आणि आर्थर केली व टॉमस म्यूर यांनी १८७८ च्या सुमारास तिची उत्तरे दिली होती. गाठींचा आणि मेजवानीचा प्रश्न एकच आहे, हे बाहेरून ओळखू येत नाही. ल्युका यांनी दिलेले मेजवानीचे रूपच पुढे सर्वत्र रूढ झाले. १९३४ मध्ये झाक तुशार यांनी कितीही दांपत्यांना लागू पडणारे सूत्र दिले आणि १९४३ मध्ये आयर्विंग कॅप्लान्स्की यांनी ते सिद्ध केले. स्त्रियांना आधी बसवण्याची प्रथा अनावश्यक आहे आणि ती सोडली तर सिद्धता उलट सोपी होते, हे केनेथ बोगार्ट व पीटर डॉयल यांनी १९८६ मध्ये दाखवले.

मृत्यू

सप्टेंबर १८९१ मध्ये विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संघाचे अधिवेशन मार्सेय येथे भरले होते. ल्युका या संघाच्या अधिवेशनांत नियमाने सहभागी होत. तेथील मेजवानीत वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली आणि फुटलेल्या ताटलीचा तुकडा उडून त्यांच्या गालाला लागला. जखम किरकोळ वाटत होती, परंतु तीत धावरे या त्वचारोगाचा संसर्ग झाला. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात तो आवरता आला नाही आणि ३ ऑक्टोबर १८९१ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. संख्यासिद्धांतावरील ग्रंथाचे पुढचे खंड लिहायचे राहूनच गेले.

त्यांचे अप्रकाशित लेखन आंरी दलानुआ, शार्ल-आंज लेझाँ व एमिल लमुआन या स्नेह्यांनी संपादित केले. मनोरंजनाच्या ग्रंथाचे उरलेले दोन खंड आणि १८९५ मधील ‘लारित्मेतिक आम्युझांत’ हे पुस्तक अशा रीतीने मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

वारसा

ल्युका यांची मूळ संख्यांची कसोटी अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेमर यांनी १९३० च्या दशकात अधिक नेटकी केली. ल्युका–लेमर कसोटी या नावाने ती आजही वापरात आहे. १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांवर मर्सेन मूळ संख्यांचा शोध घेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या याच प्रकारची आहे.

आसनव्यवस्थेचे कोडे आता मेजवानीच्या मेजावरून बाहेर पडले आहे. महाराष्ट्रासह देशभर बँकांच्या भरती परीक्षांत तर्कक्षमतेच्या विभागात बैठक व्यवस्थेचे प्रश्न हमखास असतात. मोबाइलवरील खेळांत बसच्या आसनांवर किंवा बाकांवर लहान लहान पात्रे बसवायची असतात. कोणाला खिडकी हवी असते, कोणाला गोंगाट करणारा शेजारी चालत नसतो. ल्युका यांनी सर्व मांडण्यांची मोजणी मागितली होती, तर या कोड्यांत बहुधा सर्व अटी पाळणारी एकच मांडणी शोधायची असते. रीत मात्र चार दांपत्यांच्या उदाहरणातलीच आहे. ज्या जागेला सर्वांत कमी पर्याय आहेत ती आधी पाहायची, जे बसू शकत नाहीत त्यांना वगळायचे, ठरलेल्या जागेचा परिणाम शेजारच्या जागांवर काय होतो ते तपासायचे, आणि पर्याय उरलेच तर एक धरून विरोध येतो का हे पाहायचे. संगणकाला वेळापत्रके, परीक्षा कक्षांतील आसनक्रमांक किंवा सुडोकू सोडवायला लावतानाही याच पायऱ्या लिहून द्याव्या लागतात.

आपल्या हयातीत ल्युका यांना मानाची पदे फारशी मिळाली नाहीत. त्यांचे संख्यासिद्धांतातील यश पुढच्या शतकात संगणक आल्यावर पूर्णपणे उमगले. त्यांच्या कोड्यांना मात्र तेवढी वाट पाहावी लागली नाही. ती त्यांच्याच काळात मुलांच्या हाती पोहोचली होती आणि आजही तेथेच आहेत.